डिकन्स, ब्राँटे, हार्डी: ही मंडळी अजून का संपत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: व्हिक्टोरिया राणीच्या काळातले हे इंग्रज कादंबरीकार, जाऊन शंभर-दीडशे वर्षं झाली, तरी दर दोन-चार वर्षांनी त्यांच्यावर नवा सिनेमा, नवी सिरीज, नाहीतर त्यांचीच गोष्ट फिरवून लिहिलेली नवी कादंबरी येतेच. हे त्यांच्या लिखाणाचं बळ आहे की इंग्रजांच्या राज्याचं आणि युनिव्हर्सिटीच्या सिलॅबसचं? आणि यातलं काहीच वाचलेलं नसेल तर सुरुवात कुठून करायची?

मी कॉलेजात बरीच वर्षं इंग्रजी कादंबरी शिकवतेय, वर्गात बहुतेक मुलं मराठी मीडियमची असतात, आणि हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सिलॅबसचा भाग आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. मुंबई युनिव्हर्सिटी १८५७ ची, आणि ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्य हा स्वतंत्र विषय म्हणून सुरू झाला तो १८९४ मध्ये, म्हणजे ऑक्सफर्डमध्ये ते शिकवायला लागायच्या आधीपासून आपल्याकडची मुलं परीक्षेसाठी इंग्रजी कविता घोकत होती. पण राज्य आणि परीक्षा एवढ्यावरच लेखक टिकत असता तर बुल्वर-लिटन आज घरोघरी असायला हवा होता, त्याच्या काळात तो केवढा मोठा! आणि जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स? हे नाव आज साहित्याच्या अभ्यासकांपलीकडे फारसं कुणाला माहीत नसतं. १८४० च्या दशकात त्याची ‘द मिस्टरीज ऑफ लंडन’ दर आठवड्याला एका पेनीला विकली जायची, खप अफाट, आणि हिंदुस्थानात तर तो कित्येक ठिकाणी डिकन्सपेक्षा जास्त वाचला जायचा. आपल्या हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’, तिच्यावर रेनॉल्ड्सची छाया आहे हे मराठीचे अभ्यासक सांगत आलेत. म्हणजे खप होता, साम्राज्यभर पोहोच होती, नक्कल करणारेही होते, तरी माणूस गेला तो गेलाच. तेव्हा राज्य आणि सिलॅबसच्या पलीकडे काहीतरी आहे.

ते काय, याचं माझं उत्तर असं आहे की या कादंबऱ्यांत एकेका माणसाचा हिशोब बाकी राहिलेला आहे. गोष्ट संपते, लग्न होतं, इस्टेट योग्य माणसाला मिळते, पण कोपऱ्यात एक जण उभा असतो ज्याच्यावर अन्याय झालाय आणि लेखकाला तो दिसलाय, दिसलाय म्हणूनच त्याने तो इतका जिवंत लिहिलाय, पण त्याचं काय करायचं हे लेखकाला जमलेलं नाही. मग पुढच्या पिढ्या तो हिशोब मिटवायला परत परत त्याच पुस्तकाकडे येतात. रेनॉल्ड्स वाचताना मला हे होत नाही, कट उलगडला की परत जाण्यासारखं कुणी उरत नाही.

‘जेन एअर’ घ्या, शार्लट ब्राँटे, १८४७. अनाथ, गरीब, दिसायला साधी मुलगी, मोठ्या घरात शिकवणी करायला येते, घरमालक रॉचेस्टरच्या प्रेमात पडते, लग्न उभं राहतं आणि ऐन चर्चमध्ये कळतं की त्याची पहिली बायको जिवंत आहे, त्याच घरात तिसऱ्या मजल्यावर कोंडून ठेवलेली. मग रॉचेस्टर सगळ्यांना वर घेऊन जातो. हा सीन वर्गात मी कायम हळूहळू वाचून घेते. खोलीला खिडकी नाही, आत शेकोटी आहे आणि तिच्याभोवती जाड जाळी, आणि खोलीच्या पार टोकाला अंधारात काहीतरी इकडून तिकडे धावतंय, ते जनावर आहे की माणूस हे पहिल्या नजरेत कळत नाही, अंगावर कपडे आहेत म्हणून माणूस म्हणायचं. जेनच्या डोळ्यांनी आपण हे बघतो आणि जेनची बाजू आपल्याला पटलेली असते, त्यामुळे पहिल्या वाचनात आपलं सगळं लक्ष जेनच्या मोडलेल्या लग्नाकडे असतं. दुसऱ्यांदा वाचताना मुलं स्वतःहूनच विचारतात की मॅडम, ही बाई बोलत का नाही? बर्था मेसन. जमेकामधल्या श्रीमंत घरातली मुलगी, तीस हजार पौंडांचा हुंडा घेऊन आलेली. त्या पैशावर आणि त्या लग्नावर रॉचेस्टरच्या बापाने धाकट्या पोराची सोय लावली, हे रॉचेस्टर स्वतः सांगतो. आणि अख्ख्या कादंबरीत तिच्या तोंडी धड संवाद नाही. ओरडते, हसते, चावते, आग लावते आणि मरते, मग जेनचं लग्न होतं.

शंभराहून जास्त वर्षांनी, १९६६ मध्ये, जीन ऱ्हीस नावाच्या बाईने ‘वाइड सरगॅसो सी’ लिहिली. ऱ्हीस स्वतः डॉमिनिका बेटावर जन्मलेली, म्हणजे बर्थाच्याच बाजूच्या समुद्रातली. तिच्या कादंबरीत बर्थाचं मूळ नाव अँटॉनेट, तिला बालपण आहे, आई आहे, गुलामी नुकतीच कायद्याने संपलेल्या बेटावरची सगळी भीती आहे, आणि तिला तिच्या नावाने हाक न मारता ‘बर्था’ म्हणणारा इंग्रज नवरा आहे, ज्याला लेखिकेने नावच दिलेलं नाही. किती सरळ हिशोब! पुढे १९७९ मध्ये गिल्बर्ट आणि गुबर या दोन अमेरिकन प्राध्यापिकांनी माळ्यावरच्या या वेड्या बाईलाच मध्यभागी धरून एकोणिसाव्या शतकातल्या लेखिकांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, तो आजही आम्ही शिकवतो. एका गप्प बसवलेल्या पात्रातून एवढं निघतं, कारण शार्लटने तिला गप्प बसवलं तरी पुसून टाकलं नाही. आणि हिंदुस्थानचा धागाही याच कादंबरीत आहे, जेनला लग्नाची मागणी घालणारा दुसरा माणूस सेंट जॉन तिला मिशनरी म्हणून हिंदुस्थानात न्यायला निघालेला असतो आणि त्यासाठी तिला हिंदुस्थानी शिकायला लावतो. ती नाही म्हणते. पण इंग्लंडच्या एका कोपऱ्यातल्या त्या घरात बसून पैसा जमेकाचा, वारसा मदेरातल्या काकाचा आणि धर्मकार्य हिंदुस्थानात, हे सगळं जोडलेलं दिसतं. आपल्याकडे १९५२ मध्ये दिलीपकुमार-मधुबालाचा ‘संगदिल’ आला तो याच कादंबरीवरून.

धाकटी बहीण एमिली, तिची ‘वदरिंग हाइट्स’ त्याच वर्षी, १८४७ च्या डिसेंबरात आली. त्यातला हीथक्लिफ हा लिव्हरपूलच्या रस्त्यावर उपाशी सापडलेला पोरगा, काळ्या केसांचा, कुणालाही न कळणारं काहीतरी बोलणारा. तो कुठला, हे एमिली सांगतच नाही. शेजारचे लिंटन म्हणतात लास्कर असेल, नाहीतर अमेरिकन किंवा स्पॅनिश. लास्कर म्हणजे इंग्रजांच्या जहाजांवर काम करणारे आशियाई, विशेषतः हिंदुस्थानी खलाशी, आणि मुंबई बंदरातून जाणाऱ्यांत कोकणातले खलाशी भरपूर असायचे. घर सांभाळणारी नेली तर त्याला समजूत घालताना म्हणते, कुणी सांगावं, तुझा बाप चीनचा बादशहा असेल आणि आई हिंदुस्थानातली राणी. तरी सिनेमावाल्यांनी कित्येक वर्षं त्याला गोरा इंग्रजच केला. १९३९ च्या हॉलिवूडच्या सिनेमात हीथक्लिफ झाला लॉरेन्स ऑलिव्हिए, आणि कॅथी कोण? मर्ल ओबेरॉन, जिचा जन्म मुंबईचा, घराणं मिश्र हिंदुस्थानी-युरोपियन, आणि ते कळलं तर करिअर संपेल म्हणून तिने आयुष्यभर आपण टास्मानियात जन्मलो असं सांगितलं. म्हणजे ज्या गोष्टीत माणसाचं मूळ आणि रंग हेच दुःखाचं कारण आहे ती गोष्ट पडद्यावर आली तेव्हा मूळ लपवायला लागलं ते गोरी, खानदानी कॅथी साकारणाऱ्या नटीला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार लागलं होतं, अजूनही लागतं. २०११ मध्ये अँड्रिया अर्नॉल्डने कृष्णवर्णीय हीथक्लिफ दाखवला तेव्हा काही लोकांना ती मुद्दाम केलेली आधुनिक जोड वाटली, पण पुस्तक उघडून बघा, ती शक्यता तिथे पहिल्यापासून आहे. आपल्या ‘दिल दिया दर्द लिया’त (१९६६) पुन्हा दिलीपकुमारच. आणि संगीतात म्हणाल तर १९७८ मध्ये केट बुश नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोरीने स्वतः लिहिलेलं, कॅथीचं भूत खिडकीशी येऊन हाक मारतंय असं गाणं ब्रिटनमध्ये नंबर एकला गेलं. तिचा आणि एमिलीचा वाढदिवस एकच, ३० जुलै.

डिकन्सकडे येते. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (१८६०-६१) मध्ये लहानगा पिप स्मशानात एका पळालेल्या कैद्याला घाबरून खायला आणून देतो. कैदी, मॅग्विच, पकडला जातो, ऑस्ट्रेलियाला जन्मठेपेवर जातो, तिथे मेंढ्या राखून पैसा करतो आणि तो सगळा पैसा गुपचूप या पोराला जंटलमन करण्यासाठी पाठवत राहतो. पिपला वाटत असतं आपल्याला एका श्रीमंत बाईने उचललंय. मग एका वादळी रात्री मॅग्विच दारात उभा राहतो, परत आल्याबद्दल फाशी होईल हे माहीत असूनही, फक्त ‘माझा जंटलमन’ डोळ्यांनी बघायला. आणि पिपला काय वाटतं? किळस. त्याचा हात लागला तरी नको वाटतो. हा प्रसंग मी जितक्या वेळा शिकवला तितक्या वेळा वर्गात शांतता झाली, कारण घरच्यांनी पोटाला चिमटा काढून शिकवलेली आणि शहरात आल्यावर बापाच्या कपड्यांची लाज वाटलेली मुलं समोर बसलेली असतात, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मॅग्विचचा हिशोब ऑस्ट्रेलियन लेखक पीटर कॅरीने १९९७ च्या ‘जॅक मॅग्ज’मध्ये मागितला, तिथे कैदी परत येतो आणि लंडनमधला एक हुशार लेखक त्याला संमोहन करून त्याची गोष्टच चोरायला बघतो. आपल्याकडे ‘फितूर’ने (२०१६) तीच गोष्ट काश्मीरमध्ये नेली. मला तो सिनेमा दिसायला सुंदर आणि आतून रिकामा वाटला, कारण त्यांनी सगळा भर प्रेमकथेवर दिला आणि पैसा कुणाचा, लाज कुणाची हा जो गाभा आहे तो हातातून निसटला.

आता हे सगळं लोकांपर्यंत एवढं खोल गेलं कसं, तर त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. त्या काळी तीन खंडांची नवी कादंबरी दीड गिनीला मिळायची, म्हणजे साडेएकतीस शिलिंग, आणि ‘अ ख्रिसमस कॅरल’मधल्या कारकुनाचा, बॉब क्रॅचिटचा, आठवड्याचा पगार १५ शिलिंग. परवडणार कुणाला? १८३६ मध्ये ‘पिकविक पेपर्स’ दर महिन्याला ३२ पानांचा अंक, किंमत एक शिलिंग, असा निघायला लागला आणि बाजारच बदलला. सुरुवातीला खप जेमतेम, चौथ्या अंकात सॅम वेलर नावाचा बोलघेवडा पोऱ्या आला आणि तिथून जो चढला तो शेवटी महिना चाळीस हजारापर्यंत. ज्यांना एक शिलिंगही जड ते मिळून घ्यायचे, एकाने वाचायचं बाकीच्यांनी ऐकायचं. ऐकणाऱ्याला महिनाभरानंतर पात्र आठवायला हवं, म्हणून प्रत्येकाची बोलण्याची लकब वेगळी, एखादं पालुपद, एखादी सवय, आणि अंकाचा शेवट असा की पुढचा घ्यावाच लागेल. आपण डेली सोप आणि वेब सिरीजमध्ये जे बघतो त्याची घडण इथे तयार झाली. बीबीसीने २००५ मध्ये ‘ब्लीक हाउस’ केलं तेव्हा पहिला भाग सोडून बाकीचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे केले आणि त्यांच्या लोकप्रिय मालिकेला जोडून लावले, आणि ते काय छान बसलं! मराठीतही हरिभाऊंनी १८९० मध्ये ‘करमणूक’ काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ तिथे तुकड्यातुकड्यानेच आली, वाचक यमूची वाट बघत बसायचे. ही पद्धत नीट समजली की जाड पुस्तकांची भीती जाते, कारण ती एका बैठकीत वाचायला लिहिलेलीच नव्हती.

‘ख्रिसमस कॅरल’चं थोडं वेगळं सांगायला हवं. १८४३ मध्ये खाणी-कारखान्यांतल्या बालमजुरांवरचा सरकारी रिपोर्ट वाचून डिकन्स हादरला, तो स्वतः बाराव्या वर्षी बाप कर्जात बुडाल्यामुळे बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवत बसलेला मुलगा. आधी त्याने गरिबांच्या मुलांसाठी पत्रक काढायचं ठरवलं, मग म्हणाला गोष्टच लिहितो. १९ डिसेंबरला पुस्तक आलं, पहिल्या सहा हजार प्रती ख्रिसमसच्या आधी संपल्या. (किंमत मात्र पाच शिलिंग, म्हणजे बॉब क्रॅचिटच्या आठवड्याच्या पगारातला तिसरा हिस्सा.) नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर ‘डकटेल्स’ बघत मोठे झालेल्या आपल्या लोकांना नाण्यांत पोहणारा अंकल स्क्रूज माहीत असतो, त्याचं नाव इथून आलं, कार्ल बार्क्सने ते बदक १९४७ मध्ये काढलं. पण रूपांतरांत कंजूष म्हातारा स्क्रूज ख्रिसमसच्या रात्री भेटायला आलेल्या भुतांमुळे सुधारतो, टर्की पाठवतो, सगळे खूश, एवढंच बहुतेक वेळा उरतं. मूळ पुस्तकात त्यातल्या दुसऱ्या भुताच्या झग्याखालून दोन मुलं निघतात, वाळलेली, म्हाताऱ्यासारख्या चेहऱ्यांची, अज्ञान आणि दारिद्र्य, आणि स्क्रूज विचारतो यांना आसरा नाही का कुठे, तर भूत त्याचंच आधीचं वाक्य त्याच्या तोंडावर मारतं: तुरुंग नाहीत का? वर्कहाउस (निराधारांना राबवून घेणारी आश्रयगृहं) नाहीत का? हा तुकडा कित्येक सिनेमांत गाळतात. मला विचाराल तर पुस्तक याच्यासाठीच लिहिलंय.

आणि हो, हे लेखक आवडतात म्हणून त्यांचं सगळं पदरात घ्यायची गरज नाही. १८५७ च्या उठावाच्या बातम्या आल्या तेव्हा याच डिकन्सने खाजगी पत्रात, आपण तिथला सेनापती असतो तर ती जातच पृथ्वीवरून नाहीशी करायचा प्रयत्न केला असता, अशा अर्थाचं लिहिलंय. गरिबाच्या पोरासाठी रडणारा माणूस आपल्याबद्दल हे लिहितो. मी हे पत्र मुलांना दाखवते, कारण लपवलं तर ती फसवणूक होईल. दुसरीकडे, ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला फेगिन हा चोरांचा म्होरक्या आणि त्याला पानोपानी ‘ज्यू’ म्हटलेलं, त्यावर १८६३ मध्ये एलायझा डेव्हिस या ज्यू बाईने डिकन्सला पत्र लिहून जाब विचारला. आधी त्याने हात झटकले, पण नंतरच्या आवृत्तीत तो शब्द बऱ्याच ठिकाणी काढला आणि पुढच्या कादंबरीत रिया नावाचा सज्जन ज्यू म्हातारा आणला. म्हणजे हिशोब मागणारे वाचक त्याच्या हयातीतच होते.

हार्डी आणि जॉर्ज इलियटबद्दल थोडक्यात. हार्डीची टेस (१८९१) मायकेल विंटरबॉटमने २०११ मध्ये ‘तृष्णा’ म्हणून राजस्थान आणि मुंबईत आणली, फ्रीडा पिंटोला घेऊन, आणि ती आपल्या मातीत सहज रुजली, कारण इभ्रतीचा सगळा भार मुलीच्या डोक्यावर ही व्यवस्था आपल्याला समजावून द्यावी लागत नाही. ‘हंगर गेम्स’मधल्या कॅटनिसचं आडनाव एव्हरडीन हेही हार्डीच्याच नायिकेवरून. इलियटच्या ‘मिडलमार्च’ या कादंबरीवर सिनेमे फारसे नाहीत, ती पडद्यावर मावणारी गोष्टच नाही, तरी २०१५ मध्ये बीबीसीने ब्रिटनबाहेरच्या समीक्षकांना विचारलं तेव्हा सर्वोत्तम ब्रिटिश कादंबरी म्हणून तीच पहिली आली.

अगदी अलीकडचं उदाहरण हवं असेल तर बार्बरा किंगसॉल्व्हरची ‘डीमन कॉपरहेड’ (२०२२), ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ची गोष्ट अमेरिकेच्या अ‍ॅपलेशियन डोंगराळ भागात, जिथे औषध कंपन्यांच्या वेदनाशामक गोळ्यांनी अख्खी गावं व्यसनात गेली. अनाथ पोरगा, सरकारी व्यवस्थेत या घरातून त्या घरात, राबवून घेणारे पालक, सगळं डिकन्सचंच आणि सगळं आजचं. तिला २०२३ चं पुलित्झर विभागून मिळालं. ज्याला हा सगळा विषय जुना वाटतो त्याने हे एक वाचावं.

आता सुरुवात कुठून. ‘अ ख्रिसमस कॅरल’ घ्या, पाचच प्रकरणं आहेत, मूळ इंग्रजी जड गेलं तर आधी ऑडिओ ऐका, लिब्रीव्हॉक्सवर फुकट आहे, आणि सगळी मूळ पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत. मग ‘जेन एअर’, आणि ती संपल्या संपल्या ‘वाइड सरगॅसो सी’, मध्ये दुसरं काही नको. त्यानंतर ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’, पण ती आली तशीच वाचा: ५९ प्रकरणं ३६ आठवड्यांत छापली गेली होती, तेव्हा चार-पाच जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप करा, आठवड्याला एखाद-दोन प्रकरणं, पुढे कुणी वाचायचं नाही आणि रविवारी त्यावर बोलायचं. आमच्या मुलांनी हे केलंय, अर्ध्यातून सोडणारे फार थोडे निघतात. संक्षिप्त आवृत्त्या मात्र शक्यतो टाळा, कारण कापताना सगळ्यात आधी जातात ती कोपऱ्यात उभी असलेली माणसं. ‘मिडलमार्च’ची घाई करू नका, नोकरी, लग्न, थोडी निराशा असं काहीतरी पदरी पडलं की मग घ्या, ती जास्त देते. आणि ‘वदरिंग हाइट्स’ वाचताना पहिल्या पन्नास पानांत कोण कुणाचं कोण हे कळत नाही, सगळ्यांचंच तसं होतं, कागदावर वंशावळ काढून शेजारी ठेवा आणि पुढे जा.